तीन रंगांचा एलईडी रॅक: कुडाळच्या प्रयोगशाळेतील दोन पावसाळ्यांचा अनुभव

कुडाळजवळच्या आमच्या छोट्या टिश्यू कल्चर (बाटलीत, पोषक माध्यमावर रोपे वाढवण्याच्या) प्रयोगशाळेत गेल्या दोन पावसाळ्यांपासून तीन रंगांच्या एलईडी दिव्यांचा एक रॅक चालू आहे. औषधी वनस्पतींची रोपे तयार करणारे कोकणातील अनेक जण तो घ्यावा की नाही हे मला विचारतात, म्हणून अनुभव सविस्तर लिहीत आहे. रॅकला चार फळ्या आहेत. प्रत्येक फळीवर निळ्या (४५० नॅनोमीटर), लाल (६६० नॅनोमीटर) आणि पांढऱ्या दिव्यांच्या वेगळ्या पट्ट्या असून प्रत्येक रंगाला स्वतंत्र खटका आणि प्रकाश कमी-जास्त करण्याचे बटण आहे. किंमत आमच्या जुन्या ट्यूबच्या रॅकच्या जवळपास तिप्पट पडली.

घेण्याचे कारण जलब्राह्मी. मंडूकपर्णीलाही आपल्याकडे ब्राह्मी म्हणतात, पण आम्ही वाढवतो ती पाणथळ जागी पसरणारी, मांसल पानांची जलब्राह्मी. तिच्यातील बॅकोसाइड या घटकांसाठी तिला मागणी आहे आणि घेणाऱ्याला प्रत्येक खेपेला सारखा माल हवा असतो. बाटलीतल्या रोपाला ऊन, पाऊस, माती यांपैकी काहीच लागत नाही. माध्यम मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली मांडलेले, साखर लिटरला ३० ग्रॅम, पीएच ५.८, तापमान २५ अंशांच्या आसपास, १६ तास उजेड आणि ८ तास अंधार. हे सगळे आपण ठरवून देतो. उजेडाचा रंग मात्र आम्ही इतकी वर्षे ट्यूब बनवणाऱ्यावर सोडून दिला होता.

विक्रेत्याने माल देताना सांगितले की निळ्या प्रकाशात औषधी घटक वाढतात. हे खोटे नाही, पण एवढ्यावर पैसे मोजू नयेत. वनस्पतीला निळा आणि लाल प्रकाश वेगवेगळ्या ग्राहकांमार्फत, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनांमार्फत, कळतो: निळा क्रिप्टोक्रोम आणि फोटोट्रॉपिन यांच्याद्वारे, लाल फायटोक्रोमद्वारे. निळ्या प्रकाशाचा संदेश मिळाला की पुष्कळ वनस्पतींमध्ये फिनॉल आणि फ्लॅव्होनॉइड वर्गातील संयुगे तयार करणारी विकरे (एन्झाइम) अधिक काम करू लागतात, आणि अँथोसायनिनचा जांभळट रंग तर कधीकधी नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. बॅकोसाइड त्या वर्गातले नाहीत. ते ट्रायटर्पिनॉइड सॅपोनिन आहेत, त्यांचा मार्गच वेगळा, आणि काळमेघ म्हणजे आपल्या ओल्या किराइतातील अँड्रोग्राफोलाइड हेही टर्पिनॉइडच. एका वर्गाचा नियम दुसऱ्याला लावून चालत नाही. ज्याचे त्याने आपल्या वनस्पतीवर करूनच पाहावे लागते, आणि त्यासाठी तिन्ही रंग स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येणारा रॅक लागतो. या रॅकची खरी किंमत मला त्या बटणांत दिसते. लाल-निळ्या मिश्रणाचा फक्त गुलाबी उजेड देणारे, रंगांचे प्रमाण कायमचे ठरलेले स्वस्त रॅक बाजारात पुष्कळ आहेत. प्रयोग करायचा असेल तर ते घेऊ नयेत.

पहिल्या महिन्यात आमची एक चूक झाली, ती इतरांची होऊ नये. वेगवेगळ्या फळ्यांवर वेगवेगळे रंग लावून तिथला उजेड आम्ही लक्समीटरने मोजला. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बांधलेले आहे आणि आपल्या डोळ्याला हिरवट पिवळा प्रकाश सर्वांत तेजस्वी भासतो. त्यामुळे निळी फळी मीटरवर अगदी मंद दिसली, आम्ही बटण वर नेले आणि निळ्या फळीवरच्या रोपांना नकळत इतरांपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश दिला. अशा तुलनेतून निघालेला निष्कर्ष रंगाचा की प्रकाशाच्या मात्रेचा, हे कोणीच सांगू शकणार नाही, म्हणून त्या बाटल्यांचे निकाल आम्ही बाजूला ठेवले. पुढे ओळखीच्या एका महाविद्यालयातून क्वांटम मीटर आणून चौरस मीटरला सेकंदाला किती मायक्रोमोल प्रकाश पडतो ते मोजले, तेव्हा फळीच्या मध्यभागी ६० आणि टोकांना ३८ असा आकडा आला. माहितीपत्रकात फक्त मधला आकडा होता. तेव्हापासून टोकाच्या बाटल्या दर तीन दिवसांनी मध्ये सरकवतो.

सर्व फळ्यांवर मात्रा सारखी केल्यावर फरक स्पष्ट दिसू लागला. चौथ्या आठवड्यात लाल फळीवरची बाटली हातात घेतली तर रोपे झाकणाला टेकलेली, दांडे सुतासारखे बारीक, दोन पेरांमधले अंतर मोठे आणि पाने फिकी. निळ्या फळीवर तीच जलब्राह्मी बोटाच्या दोन पेरांएवढी बुटकी, पाने गर्द हिरवी आणि बोटांना जाडसर लागणारी. वाळवून सारख्या वजनाचा अर्क सिलिकाच्या पट्टीवर (जिच्यावर अर्कातले घटक वेगवेगळ्या ठिपक्यांत सुटे होतात) चालवला, त्यावर ॲनिसाल्डिहाइड आणि सल्फ्युरिक आम्लाची फवारणी करून पट्टी तापवली, तेव्हा बॅकोसाइडचे जांभळे ठिपके निळ्या फळीच्या अर्कात सर्वांत गडद उमटले. आमच्याकडे एवढीच सोय आहे. ठिपक्याच्या गडदपणावरून नेमकी टक्केवारी मी सांगणार नाही.

मात्र एका बाटलीतून एकूण किती घटक हाती येतो हे पाहिले, तर चित्र बदलते. निळ्या फळीवर दर ग्रॅमला घटक जास्त, पण बाटलीत ग्रॅमच कमी. वाळलेला माल आणि ठिपका दोन्ही विचारात घेतले तेव्हा लाल जास्त आणि निळा कमी असे मिश्रण पुढे गेले. आता आम्ही रोपे आधी त्या मिश्रणात वाढवतो आणि काढणीच्या आधीचे दोन आठवडे लाल पट्टी उतरवून निळी वर नेतो. लांब पेरांचा फायदाही झाला, कारण पेरे कापून रोपे वाढवताना लाल फळीवरचा दांडा चिमट्यात सहज येतो.

बांधणीतील एक गोष्ट मनापासून आवडली. जुन्या रॅकमध्ये ट्यूबचे चोक फळीच्या खालीच होते. त्यांच्या उष्णतेने वरच्या बाटल्यांचे बूड तापे, झाकणाला पाण्याचे थेंब धरत आणि पाने काचेसारखी पारदर्शक होत. या रॅकचे ड्रायव्हर, म्हणजे दिव्यांना वीज पुरवणारे खोके, बाहेर, माथ्यावर आहेत. बाटल्या आत कोरड्या राहतात.

आता उणिवा. पहिली म्हणजे टायमरला बॅटरी नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाईट किती वेळा जाते हे सांगायला नको. दर वेळी घड्याळ शून्यावर येते आणि १६ तासांचा दिवस भलत्याच वेळी सुरू होतो. एकदा तीन दिवस रोपांना रात्रभर लाल उजेड मिळाला, आणि हे आमच्या लक्षात आले ते पहाटे पंपासाठी उठलेल्या गड्याने खिडकी लाल दिसते असे सांगितल्यावर. आम्ही शेवटी बाहेरून बॅटरीवर चालणारा टायमर बसवला. दुसरी उणीव खाऱ्या हवेची. दुसऱ्या पावसाळ्यात दोन नंबरच्या फळीची निळी पट्टी लुकलुकू लागली. उघडून पाहिले तर जोडणीच्या पिनांवर हिरवा गंज चढलेला. विक्रेत्याने आधी संपूर्ण पट्टी बदला म्हटले आणि सुटा भाग पाठवायला सहा आठवडे लावले. किनाऱ्याच्या इतक्या जवळ विकल्या जाणाऱ्या मालाच्या जोडण्या रबरी सीलच्या असायला हव्यात, आणि हे विकत घेण्यापूर्वी लेखी मागावे. तिसरी गोष्ट, एका फळीचा रंग शेजारच्या फळीवर सांडतो. काळा पडदा आम्हालाच शिवून लावावा लागला.

पांढरी पट्टी अनावश्यक म्हणून ती वगळून पैसे वाचवण्याचा सल्ला मिळाला तर ऐकू नका. गुलाबी उजेडात बुरशीचा पांढरा ठिपका, माध्यमावरची जिवाणूंची साय, पिवळे पडणारे पान, यांतले काहीही ओळखू येत नाही. आमची सहकारी मुलगी रोज सकाळी दहा मिनिटे फक्त पांढरा प्रकाश लावून प्रत्येक बाटली पाहते, आणि दमट महिन्यांत त्या दहा मिनिटांनी पूर्ण फळ्या वाचवल्या आहेत.

सर्वांत वरची फळी मी नरक्या या रानझाडासाठी राखून ठेवली आहे. कर्करोगावरील टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधे ज्या कॅम्प्टोथेसिनपासून बनतात, ते नरक्यात आढळते, आणि त्यापायी सह्याद्रीत या झाडांची बेसुमार तोड झाली. बाटलीत त्याचे रोप जगले आणि कोणत्या रंगाने त्यात हा घटक टिकतो-वाढतो हे कळले, तर आंबोलीच्या रानातल्या झाडाला कोणी कुऱ्हाड लावण्याचे एक कारण तरी कमी होईल, असे मला वाटते. या घटकाचा ठिपका अतिनील दिव्याखाली निळा चमकतो, त्यामुळे तपासणीही आमच्या आवाक्यातली आहे. सध्या बियांतून काढलेले सहा अंकुर जगले आहेत. ते साध्या पांढऱ्या प्रकाशात आहेत, आणि प्रत्येक रंगाखाली ठेवण्याइतकी रोपे होईपर्यंत त्या फळीचे बटण कोणी फिरवायचे नाही, अशी चिठ्ठी मी रॅकवर लावली आहे.