वळणाची शिवण: टेम्प्लेट बरं की मोकळा हात?

चौकोन आणि पट्ट्या जोडून झाल्या की मॉडर्न क्विल्ट, म्हणजे आजच्या धाटणीची गोधडी, करणाऱ्याची नजर वळणांकडे जातेच. तिथे दोन वाटा फुटतात. एक तर टेम्प्लेट (मापाचा साचा) ठेवून चतकोर, म्हणजे पाव वर्तुळाचे तुकडे, कापायचे, ते खोलगट कडेच्या दुसऱ्या तुकड्यात बसवायचे आणि ‘ड्रंकर्ड्स पाथ’चे (दारुड्याच्या वाटेचे) ब्लॉक, म्हणजे गोधडीचे चौकोन, शिवायचे. नाहीतर दोन कापडं एकावर एक ठेवायची आणि रोटरी कटरने (फिरत्या गोल पात्याच्या कटरने) मोकळ्या हाताने वळण घ्यायचं. मी दोन्हींत बरंच कापड घालवलं आहे, आणि तराजू आता थोडा एका बाजूला कलला आहे.

निवड करण्याआधी एक हिशोब डोक्यात पक्का हवा. शिवणीला आपण पाव इंच सोडतो, म्हणजे शिंप्याच्या भाषेत दोन सूत. तयार वळणाची त्रिज्या ३ इंच असेल तर टेम्प्लेटवर चतकोराची कड सव्वातीन इंचांवर कापली जाते आणि खोलगट तुकड्याची पावणेतीनवर. म्हणून या दोन कडा एकमेकींवर ठेवल्या तर जुळतच नाहीत, चतकोराची कड जवळजवळ पाऊण इंचाने लांब भरते. नवशिक्या इथेच घाबरतो. पण टाका जिथे पडणार ती रेषा दोन्ही तुकड्यांवर सारख्याच लांबीची असते. मोकळ्या हाताच्या वळणात नेमकं उलटं होतं. कडा एकाच घावात कापलेल्या, त्यामुळे त्या हुबेहूब जुळतात, पण टाक्याच्या रेषा जुळत नाहीत. पाव वर्तुळाएवढं वळण घेतलंत तर तोच पाऊण इंच आता शिवणीतच येऊन बसतो.

या पाऊण इंचाला त्रिज्येशी देणंघेणं नाही. ३ इंचांचा चतकोर असो की १२ इंचांचा, फरक तेवढाच. मोठ्या वळणात तो १९ इंचांच्या शिवणीवर पसरतो, लहानात पावणेपाच इंचांत कोंबावा लागतो. लहान वळणं छळतात ती यामुळे, हाताच्या दोषामुळे नव्हे.

आता टेम्प्लेटकडे. ४ इंचांचा तयार ब्लॉक, आत ३ इंचांचं वळण, असं धरू. दोन्ही तुकड्यांना मध्यावर घडी घालून नखाने खूण करायची. पहिली टाचणी मध्यावर, मग दोन्ही टोकांना, मग मधल्या जागांत एकेक. खोलगट तुकडा वर ठेवायचा, कारण तो ताणून बसवावा लागतो आणि वर असला की चुण्या लगेच दिसतात. टाका २ मिमीचा, सुई थांबताना खाली. इस्त्री खोलगट तुकड्याकडे फिरवली की शिवण सपाट बसते; कात्रीने छेद द्यायची गरज सहसा पडत नाही. टाचण्या न लावताही शिवता येतं, पण पहिले दहा-वीस ब्लॉक तरी लावाव्यात. ॲक्रिलिकचं टेम्प्लेट नसेल तर जुन्या एक्स-रेची फिल्म चालते. मात्र त्यावरून पेन्सिलने आखून कात्रीनेच कापायचं. रोटरी कटर फिल्मची कड हळूहळू तासतो आणि विसाव्या तुकड्यापर्यंत माप बदललेलं असतं.

इथवर सगळं शिस्तीत चालतं. माझं मन उडालं ते पुढच्या पायरीवर. ६४ ब्लॉकची, म्हणजे ३२ इंच चौरस, गोधडी घ्या. पूर्ण गोल मांडले तर १६ वर्तुळं होतात आणि वळणाची टोकं एकमेकांना भिडतात अशा ६४ जागा. एका ब्लॉकची शिवण अर्धा सूत आत गेली आणि शेजारच्याची अर्धा सूत बाहेर, की भिडण्याच्या जागी एका सुताची पायरी पडते. छापील कापडात ती लपते. मॉडर्न क्विल्टमध्ये आपण सपाट रंग वापरतो, पांढऱ्यावर गडद निळा वगैरे, आणि तिथे ती पायरी पलंगाच्या त्या टोकाहून दिसते. वाईट म्हणजे ती कळते फार उशिरा. ब्लॉक सुटा असताना देखणा वाटतो. चार एकत्र आले की वर्तुळाला कोपरे फुटतात. तोवर सगळे ६४ शिवून झालेले असतात. नाव दारुड्याच्या वाटेचं, पण शिवणारा पूर्ण शुद्धीत लागतो!

यावर उपाय नाही असं नाही. दोन्ही तुकड्यांच्या सरळ बाजू दोन सूत जास्त कापायच्या आणि शिवल्यावर ब्लॉक साडेचार इंचांवर छाटायचा. छाटताना वळणाच्या टोकापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंना बरोबर सव्वा इंच राहायला हवं. ब्लॉक चौरस आला पण हे सव्वा इंच हुकलं, तर छाटणी फुकट. ६४ ब्लॉक, प्रत्येकी चार बाजू. कोणाला यात समाधान मिळतही असेल.

मोकळ्या हाताचं गणित वेगळं आहे. १० इंचांचे दोन चौकोन, दोन्हींची सुलट बाजू वर, कडा जुळवून ठेवायचे. एक जरी उलटा राहिला तर वळण आरशातल्यासारखं येतं आणि बसत नाही. मग एका घावात वळण कापायचं. १९७९ साली ओल्फा या जपानी कंपनीने रोटरी कटर आणल्यावरच हे सोपं झालं. ४५ मिमीचं पातं लांब वळणाला, २८ मिमीचं घट्ट वळणाला. डावे तुकडे आपसांत बदलले की दोन ब्लॉक तयार. प्रत्येक वळण रुंदीतला अर्धा इंच खातं: एका वळणानंतर साडेनऊ, दोन वळणांनंतर नऊ. म्हणून शेवटी साडेआठवर छाटायचं ठरवलं तर दोन वळणांना जागा पुरते.

मर्यादा वरच्या हिशोबातूनच निघते. १० इंच लांबीत मधोमध १ इंच बाक घेतला तर शिवणीच्या रेषांत साधारण तीन सुतांचा फरक पडतो. तेवढा निघून जातो: उरेब (धाग्याला तिरकं कापलेलं) कापड थोडं ताणतं, उरलेलं टोकाला पुढे येतं आणि छाटलं जातं. बाक दोन इंचांवर गेला की झोळ येऊ लागतो. वळण एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे नेलं तर शेवटची तफावत जवळजवळ फिटते. म्हणून नागमोडी वळण एकाच दिशेच्या कमानीपेक्षा शिवायला सोपं. टाचण्या लागत नाहीत. मशीनच्या फुटापुढे दोन-दोन इंच कडा जुळवत जायचं, हाताने ओढायचं नाही.

दोष आहेतच. उरेब कडा इस्त्रीने सैलावतात आणि ब्लॉक कडेला लाटा मारतो. यासाठी कापण्याआधी कापडाला खळ द्यावी, इस्त्री घासत न नेता उचलून ठेवावी आणि वाफ शेवटी द्यावी. जुन्या सुती साड्यांना तर खळ हवीच; धुऊन धुऊन त्या इतक्या मऊ झालेल्या असतात की कटरखाली सरकतात. आणि एकदा आलेलं वळण हुबेहूब परत आणता येत नाही. दोन पलंगांसाठी जुळी गोधडी हवी असेल तर हा मार्ग सोडा.

पण चूक इथे त्याच शिवणीला, इस्त्रीखालीच दिसते. उसवायचं तर दहा इंच. टोकं भिडवायची नसतात, त्यामुळे अर्धा सूत इकडे-तिकडे झालं तरी कोणी मोजत नाही. सपाट रंगांच्या कामात मला ही ढील जास्त मोलाची वाटते, जरी नेमकेपणाची आवड असणाऱ्याला ती आळशीपणा वाटू शकेल.

पूर्ण गोलच हवे असतील तर टेम्प्लेटला पर्याय नाही, हेही खरं. मग सुरुवात ३ इंचांवर न करता ६ इंच त्रिज्येवर करा आणि चारच ब्लॉक शिवून लगेच जोडून बघा. पायरी अर्ध्या सुताच्या आत आली तरच बाकीचं कापड कापा.