खाली गॅरेजात संप, वर हॉलात टाकी: इवाकीचा रिटर्न पंप कसा निघाला

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. माशांच्या टाकीसाठी, खालच्या संपातून (पाणी गाळून घ्यायची खालची टाकी) पाणी परत वर चढवायला, इवाकी कंपनीच्या एमडी मालिकेतला मॅग्नेट ड्राइव्ह पंप घेतला, दाबाचा मॉडेल, आणि आमच्यासारख्या घराला तो एकदम बरोबर बसला. पण टाकीच्या खालच्याच कपाटात संप असेल तर हा घेऊ नका, उगाच पैसे आणि वीज जाईल.

आमचं घर फोंड्याकडे उतारावर. गोव्यात तळघर सहसा कोण बांधत नाय, चिऱ्यातून पावसात पाणी झिरपतं, पण उतार असला की खाली एक खोली फुकटात मिळते, तिथे गाडी आणि आता संप. वर हॉलात 6 बाय 2 बाय 2 फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी, साधारण 650 लिटर, नुसते मासे. पोवळी आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे त्या वाटेला गेलो नाही, आणि त्याचा एक फायदा म्हणजे संपातून फार पाणी फिरवायची घाई नाही, तासाला टाकीच्या तीन ते पाच पट पुरतं, बाकी लाटा टाकीतले वेव्हमेकर करतात. म्हणजे मला वर पोचलेलं 2000 ते 3000 लिटर पाणी हवं होतं. वर पोचलेलं, खोक्यावर छापलेलं नव्हे.

इथेच सगळे गंडतात. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. म्हापशातल्या एका ओळखीच्या माणसाकडे 10000 लिटरचा पंप आहे, कुठल्या कंपनीचा ते सोडा, आणि पहिल्या मजल्यावर त्याची धार बघाल तर नळाला पाणी जाताना येते तशी. उंची मोजायची ती पंपापासून नाही, संपातल्या पाण्याच्या पातळीपासून टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत. पंप कितीही खाली ठेवा, त्याने फरक पडत नाही. माझ्याकडे टेप लावून 3.8 मीटर भरलं. आता एहाइम 1262 घ्या, नावाजलेला पंप, 3400 लिटर, पण त्याचा कमाल हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, 3.6 मीटर. म्हणजे माझ्या घरात पाणी पाइपात चढणार, वीस सेंटीमीटर खाली थांबणार, आणि पंप रात्रंदिवस ते पाणी नुसतं उचलून धरणार.

दुसरी गोष्ट पाइपाची. प्लंबर म्हणाला, "पात्रांव, एक इंची पुरो." पुरे नाही. तासाला 3000 लिटर पाणी 25 मिमीच्या आठेक मीटर पाइपातून ढकललं की घर्षणातच जवळजवळ एक मीटर हेड जातो, तेच पाणी 40 मिमीतून नेलं की दहा-बारा सेंटीमीटर, एल्बो धरून थोडं जास्त. पाइपाच्या फरकाचे पैसे एकदाच जातात, मोठ्या पंपाचं बिल दर महिन्याला येतं. एल्बो शक्य तिथे कमी केले, एका ठिकाणी 90 च्या जागी दोन 45 टाकले. प्लंबरचं तोंड वाकडं झालं, पण केलं त्याने.

तिसरी गोष्ट बहुतेकांना कोण सांगतच नाही. एसी पंपांचे तक्ते नेटवर बघता ते बरेचसे अमेरिकेतले, म्हणजे 60 हर्ट्झचे. आपल्याकडे 50. फिरण्याचा वेग सहाला पाच होतो आणि हेड वेगाच्या वर्गात घसरतो, म्हणजे तोच इंपेलर असेल तर तीस टक्के हेड गायब. तेव्हा इवाकी असो की आणखी कोण, 50 हर्ट्झची रेघ बघूनच मॉडेल ठरवा. शिवाय इवाकीत एकाच मापाच्या मोटरवर दाबाचे (उंच चढवणारे) आणि प्रवाहाचे (जास्त लिटर देणारे) असे वेगळे मॉडेल येतात, दुकानदार जास्त लिटरचा पुढे करतो कारण आकडा दिसायला मोठा. आपल्याला दाबाचा हवा.

बसवल्यावर वरच्या नळीखाली 20 लिटरची बादली धरली, 24 सेकंदांत भरली, म्हणजे तासाला 3000. एवढं नको म्हणून व्हॉल्व्ह थोडा आवळला, पण तो बाहेरच्या बाजूचा, आत येणारं पाणी कधी अडवायचं नाही. आणि हा पंप स्वतः पाणी ओढून घेत नाही, कोरडा फिरला तर मेला, त्यामुळे संपाला भोक पाडून पाण्याच्या पातळीखालीच बसवलाय, दोन्ही बाजूंना युनियन (पंप सोडवता येईल असा पाइपाचा जोड) आणि बॉल व्हॉल्व्ह.

आवडलं काय, तर मोटरचा शाफ्ट पाण्यात जातच नाही, चुंबकाने इंपेलर फिरतो, सील नाही म्हणून गळती नाही, आत सिरॅमिक स्पिंडल आणि प्लास्टिक, गंजायला काही नाही. विहिरीवरचा अर्धा एचपीचा मोनोब्लॉक लाव म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, बिडाचं अंग खाऱ्या पाण्यात गंजतं आणि पितळी इंपेलर असला तर त्यातलं तांबं कोळंबी-गोगलगायींना मारतं.

वीज मात्र खातो. प्लग मीटरवर 145 वॉटच्या आसपास, म्हणजे दिवसाला साडेतीन युनिट, महिन्याला शंभरावर. चांगला डीसी पंप याहून कमीत काम करेल, आवाजही कमी, मासे खाताना दहा मिनिटं थांबवायची सोयही असते. तरी मी डीसी घेतला नाही कारण या खोलीत जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तर ओला होतो आणि तिथे कंट्रोलरचा डबा टांगायचा मला धीर होत नाही. कोरडी खोली असेल तर डीसीच बघा, पण हेड चार मीटरवर किती पाणी देतो ते विचारून. एसी मोटरची गुणगुण आहेच, खाली रबर आणि पाइपाला हातभर लवचिक नळी लावली की स्लॅबमधून वर येत नाही.

आता आपल्याकडची खरी परीक्षा, लाइट जाणं. पावसाळ्यात ती जातेच आणि चवथीला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना हमखास जाते. पंप थांबला की वरचं पाणी उलटं खाली येतं. माझ्या टाकीत एक इंच पातळी उतरली तर 27 लिटर, वर पाइपातलं सहा-सात, शिवाय ओव्हरफ्लो बॉक्समधलं (टाकीतलं पाणी खाली सोडणारा कप्पा), म्हणून संपात 60 लिटरची जागा कायम रिकामी. पाण्याच्या रेषेच्या जरा खाली रिटर्नच्या नळीला भोक पाडलंय, तिथे हवा शिरली की सायफन तुटतो. एनआरव्हीवर (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) विसंबू नका, खाऱ्या पाण्यात त्याच्या झडपेवर चुना धरतो आणि ती नीट बसत नाही. भोकही अधूनमधून टोकरावं लागतं. इन्व्हर्टरवर चालवायचा तर शुद्ध साइन वेव्हवालाच, नाहीतर मोटर तापते, मी मात्र इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर ठेवलेत, माशांना ऑक्सिजन तेवढ्याने मिळतो. आणि सर्किटला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच, यात काटकसर नको.

सफाईला चार स्क्रू काढायचे, इंपेलर व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवायचा, पांढरा थर सुटतो. दुकानातलं साधं पांढरं घ्या, माडाचं चांगलं व्हिनेगर यात घालवू नका. इंपेलर आणि स्पिंडल सुटे मिळतात, पंप मागवतानाच एक जोड सोबत मागवा, कारण इथे दुकानात विचारायला गेलात तर "येईल हां" एवढंच उत्तर मिळतं.