रेडमॅप: पाहुण्यांची वही चोख, पण घर सोडून गेलेल्यांचं काय?

मी गळ टाकत नाही, पाण्याखाली डुबकीही मारत नाही. जीवशास्त्र शिकवते. "समुद्र तापला की मासे कुठे जातात?" असं मुलांनी विचारलं की बोट ठेवून दाखवायला काहीतरी हवं होतं, म्हणून ऑस्ट्रेलियाचं रेडमॅप चाळत बसले.

हे संकेतस्थळ २००९ मध्ये तास्मानियात सुरू झालं, पुढे देशभर पसरलं. आपल्या किनाऱ्यावर सहसा न दिसणारा जीव दिसला की मच्छीमार, डायव्हर, कुणीही फोटो आणि जागा कळवायची. तज्ज्ञ फोटो पाहून ओळख पक्की करतात. मला हेच सगळ्यात आवडलं. "काकांना शार्क दिसला म्हणे" छापाच्या गप्पा इथे चालत नाहीत.

मात्र शेजारी समुद्राच्या तापमानाचा नकाशा उघडा ठेवा, नाहीतर अर्धी गंमत हुकते. एखाद्या जागी वर्षाच्या त्या दिवसांत पाणी जितकं तापतं, त्याच्या वरच्या दहा टक्क्यांत ते सलग पाच दिवस तरी राहिलं, की तिला सागरी उष्णलाट म्हणतात. तास्मान समुद्रातली २०१५-१६ ची लाट २५१ दिवस टिकली! इतक्या दिवसांत मोठे मासे पोहत सरकतात, पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत येतात. पण पाणी पुन्हा गार झालं की त्यातली बरीच पिल्लं हिवाळा काढू शकत नाहीत. तेव्हा एका फोटोवरून "मासा इथे स्थायिक झाला" असं म्हणू नका. मी वर्गात एकदा म्हणून बसले आणि एका मुलीनेच मला अडवलं.

आता खोट सांगते. लोक जिथे जातात तिथलेच फोटो येतात, आणि आलेल्याचा फोटो निघतो, गेलेल्याचा कसा निघणार? २०११ च्या उष्णलाटेनंतर पश्चिम ऑस्ट्रेलियात केल्पच्या, म्हणजे मोठ्या तपकिरी समुद्री शैवालाच्या, जंगलाची उत्तरेकडची कड सुमारे १०० किलोमीटर दक्षिणेला सरकली. मोकळ्या झालेल्या खडकांवर बुटकं शेवाळ माजलं, उष्ण पाण्यातले मासे वाढले. पाहुण्यांच्या वहीतून त्या जंगलाची कल्पनाच येत नाही. हा दोष संकेतस्थळाचा नाही, त्याचं कामच वेगळं आहे. पण वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

पाचपैकी चार तारे. वर्गात रेडमॅप दाखवून झालं की मी फळ्यावर तो पश्चिम किनारा काढते, केल्प हिरव्या खडूने रंगवते आणि वरचा तुकडा डस्टरने पुसते. मुलं मात्र अजून फोटोंतच अडकलेली असतात.