बोनस घसघशीत की रॉयल्टी बिनकपातीची: टेक्सासमधील खनिज लीजचे दोन प्रस्ताव

पूर्व टेक्सासमध्ये ज्यांच्याकडे जमिनीबरोबर खनिज हक्कही आले आहेत, त्यांना हेन्सव्हिल वायूक्षेत्रात हालचाल वाढली की साधारणपणे दोन तऱ्हेचे लीज प्रस्ताव, म्हणजे कंपनीला वायू काढू देण्याच्या कराराचे प्रस्ताव, येतात. पहिल्यात दर एकरी बोनस (लीज देण्याबद्दल मिळणारी एकरकमी रक्कम) घसघशीत असतो, रॉयल्टी (उत्पादनातला मालकाचा हिस्सा) ३/१६ असते आणि मजकूर कंपनीच्या छापील नमुन्याबरहुकूम असतो. दुसऱ्यात बोनस बेताचा, रॉयल्टी १/४ आणि नमुन्याला दोन-तीन पानांची पुरवणी जोडलेली असते. आमच्यासमोर हे दोन्ही प्रस्ताव एकाच हंगामात आले आणि आम्ही दुसरा स्वीकारला. पहिला घेणारे सगळेच फसतात असे मला मुळीच म्हणायचे नाही, परंतु पारडे का झुकले ते सांगतो.

बोनस वाजवी आहे की नाही, हे ठरवणे वाटते तितके अवघड नाही, मात्र जमिनीचे दस्त नोंदवणाऱ्या काउंटी क्लार्कच्या दप्तरात त्याचे उत्तर सापडत नाही. तिथे लीजचा केवळ गोषवारा नोंदवलेला असतो आणि मोबदल्याच्या जागी ‘दहा डॉलर आणि इतर मोबदला’ असे ठरीव शब्द असतात. त्यापेक्षा आसपासच्या मालकांना विचारावे, सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या राज्याच्या जनरल लँड ऑफिसच्या लीज विक्रीचे जाहीर निकाल पाहावेत (तिथे रॉयल्टी साधारणपणे २५ टक्के असते, हेही ध्यानात ठेवावे), आणि रेलरोड कमिशनच्या (नाव रेल्वेचे असले तरी टेक्सासात तेल-वायूचे नियमन तेच करते) नकाशावर आपल्या जमिनीभोवती विहिरींचे नवे परवाने कुठवर येऊन ठेपले आहेत ते तपासावे. शेजारच्या ओक्लाहोमात सक्तीच्या पूलिंगच्या (लीज न दिलेल्या मालकाचे हक्कही एका विहिरीच्या क्षेत्रात सामील करण्याच्या) आदेशांत मालकाला पर्यायांची यादीच दिलेली असते, आणि तीत रॉयल्टीचा हिस्सा जसजसा वाढतो तसतसा बोनस उतरत जातो. म्हणजे एकाच्या बदल्यात दुसरे, ही देवघेव बाजारात उघडपणे चालते आणि तिच्यात लबाडी अशी काही नाही. पहिल्या प्रस्तावातला बोनस मोठा होता म्हणून मला त्याचा संशय आला, असे अजिबात नव्हते.

खरी मेख रॉयल्टीच्या अपूर्णांकातही नव्हती. ती होती तो अपूर्णांक कोणत्या रकमेवर लावायचा, या प्रश्नात.

हे मला कळले ते दुसऱ्याच एका तुकड्यामुळे. तो विकत घेतला तेव्हा त्यावर आधीच्या मालकाने केलेले जुने लीज चालू होते, त्यामुळे रॉयल्टीबरोबर त्या लीजची कलमेही आमच्याकडे आली. दरमहा येणाऱ्या धनादेशासोबत जो तपशील असतो, त्यात वायूच्या प्रत्येक ओळीखाली उणे चिन्हांची एक रांग असे: गोळा करण्याचा खर्च, दाब वाढवण्याचा खर्च, शुद्धीकरण, वाहतूक आणि शेवटी राज्याचा उत्पादन कर. करापुरते माझे काही म्हणणे नाही. टेक्सासमध्ये वायूवर तो ७.५ टक्के आहे आणि आपल्या हिश्शाचा कर आपणच भरायचा असतो. पण वरच्या चार ओळींतला आकडा दर महिन्याला बदलत असे आणि का बदलला, हे विचारायला फोन केला की कंपनीच्या मालकांशी बोलणाऱ्या कक्षातून अत्यंत सौजन्याने एकच उत्तर मिळे, की कपात लीजनुसारच केलेली आहे. वायूचा भाव पडे, पण दाब वाढवण्याचा खर्च काही पडत नसे. आणि अशा महिन्यांत रॉयल्टीचा जो भाग कपातीत जाई, तो पाहून धनादेश कशासाठी पाठवला असावा असा प्रश्न पडे. ते उत्तर चुकीचे नव्हते, आणि त्रास नेमका त्याचाच होता. लीजमध्ये रॉयल्टी ‘विहिरीच्या तोंडाशी असलेल्या बाजारभावावर’ ठरवलेली होती, आणि वायू विहिरीपासून दूरवर विकला जात असल्याने विक्रीच्या किमतीतून मधला खर्च वजा करूनच तो भाव काढला जाई.

पहिल्या प्रस्तावाच्या छापील नमुन्यात नेमके तेच शब्द होते. लँडमनने, म्हणजे कंपनीसाठी लीज मिळवणाऱ्या माणसाने, समजुतीच्या स्वरात सुचवले की हवे असल्यास ‘कोणतीही कपात होणार नाही’ असे एक वाक्य घालता येईल. हे सौजन्य स्वीकारण्याआधी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा हेरिटेज रिसोर्सेस विरुद्ध नेशन्सबँक हा निकाल माहीत असलेला बरा. त्या लीजमध्येही कपातीला मनाई करणारे वाक्य होते, परंतु मूळ कलम विहिरीशी असलेल्या भावाचे असल्यामुळे न्यायालयाने ते वाक्य निरर्थक ठरवले, कारण त्या भावात कपात आधीच झालेली असते आणि नंतर वजा करायला काही उरतच नाही. दुसऱ्या प्रस्तावाच्या पुरवणीत मात्र रॉयल्टी प्रत्यक्ष विक्रीतून मिळालेल्या ढोबळ रकमेवर होती आणि छापील मजकुराशी विरोध आल्यास पुरवणीच ग्राह्य धरावी, असेही स्पष्ट म्हटले होते. २०२१ मध्ये याच न्यायालयाने ब्लूस्टोनच्या खटल्यात ‘मिळालेले ढोबळ मूल्य’ या शब्दांचा अर्थ मालकांच्या बाजूने लावला आणि पुरवणीला छापील कलमाच्या वर मानले. शब्द कोणते आहेत आणि ते कोणत्या पानावर आहेत, यावर किती अवलंबून असते ते यावरून दिसावे.

आता थोडे गणित. समजा आपले २० नेट मिनरल एकर (आपल्या हिश्शाला येणारे खनिज हक्काचे एकर) ६४० एकरांच्या युनिटमध्ये, म्हणजे एकत्र केलेल्या उत्पादन क्षेत्रात, गेले. ३/१६ ने युनिटच्या उत्पादनातला आपला दशांश हिस्सा ०.००५८५९३७५ येतो आणि १/४ ने ०.००७८१२५, म्हणजे फरक एक-तृतीयांशाचा. उदाहरणादाखल वायूचे एक एकक तीन डॉलरला विकले गेले आणि त्यामागे मधला खर्च एक डॉलर धरला, तर मालकाच्या संपूर्ण हक्कावर ३/१६ ने कपातीनंतर साडेसदतीस सेंट पडतात आणि १/४ ने बिनकपातीचे पंचाहत्तर, म्हणजे अगदी दुप्पट. पण याहून बोलका भाग असा की कपातीसह १/४ दिले तर पन्नास सेंट येतात आणि कपातीविना ३/१६ दिले तर छप्पन्नहून थोडे अधिक. लहान अपूर्णांकाचे लीज मोठ्या अपूर्णांकाच्या लीजला सहज मागे टाकू शकते, आणि तरीही प्रस्तावाच्या पत्रावर ठळक अक्षरांत छापला जातो तो अपूर्णांकच.

बाकीच्या कलमांबाबत दोन्ही प्रस्तावांत थोडेफार डावे-उजवे होते. पहिल्यात तीन वर्षांच्या मुदतीवर आणखी दोन वर्षांची वाढ कंपनीच्या मर्जीवर होती. दुसऱ्यात खोलीचे बंधन होते (मुदतीनंतर विहीर न पोहोचलेल्या खालच्या थरांचे हक्क मालकाकडे परत येतात), आणि ते या भागात फार मोलाचे आहे, कारण वरच्या कॉटन व्हॅलीच्या थरातली एखादी जेमतेम चालणारी विहीर खालच्या हेन्सव्हिलचे हक्कही वर्षानुवर्षे अडकवून ठेवू शकते. बोनस दोन्हीकडे ड्राफ्टनेच (कंपनीने मंजुरी दिल्यावरच वटणाऱ्या हुंडीने) मिळायचा होता, म्हणजे मालकीची तपासणी होईपर्यंत पैसे खात्यात आले असे समजू नये.

पहिला प्रस्ताव कोणाला योग्य ठरेल, हेही सांगायला हवे. लीज झालेल्या सगळ्याच जमिनींवर विहीर खोदली जात नाही, आणि खोदली गेली नाही तर बोनस हीच एकमेव मिळकत असते. जिथे आसपास परवान्यांचा मागमूस नाही, किंवा वाट पाहण्याइतका काळ हाताशी नाही, तिथे हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागा असा सल्ला मी देणार नाही. करांच्या बाबतीत रॉयल्टीला १५ टक्के डिप्लीशनची (खनिज साठा संपत जाण्यापोटीची) वजावट मिळते आणि बोनसला ती टक्केवारी लागू होत नाही, पण केवळ तेवढ्यासाठी निर्णय फिरवावा असे मला वाटत नाही.

आमच्या बाबतीत शेजारच्या युनिटमध्ये परवाने निघालेले होते, त्यामुळे विहीर होण्याची शक्यता बरी दिसत होती. तुमच्याकडे तसे नसेल आणि पहिलाच प्रस्ताव घ्यायचा झाला, तर बोनससाठी घासाघीस करण्याआधी विहिरीशी असलेल्या भावाचे मूळ कलमच बदलून मागावे, कपातीला मनाई करणाऱ्या जोडवाक्यावर समाधान मानू नये. मुदतवाढीचा पर्याय ठेवायचाच असेल, तर त्या दोन वर्षांसाठी पुन्हा पूर्ण बोनस लिहून घ्यावा. पुरवणी तेल-वायूच्या लीजचे काम करणाऱ्या वकिलाकडूनच करून घ्यावी. घरखरेदीचे कागद करणाऱ्या वकिलाच्या हे रोजच्या कामातले नसते.