मानसशास्त्राचा प्रयोगसंच : पत्रके उत्तम, पुस्तिका उणी

अकरावीत मानसशास्त्र घेतलेल्या मुलीसाठी हा संच मागवला. त्यातील सर्वांत सरस भाग म्हणजे जॉन रिडली स्ट्रूप यांच्या १९३५ मधील प्रयोगावर आधारलेली पत्रके : ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असतो आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा असतो. आमच्या आजी दुसऱ्याच ओळीत अडखळल्या, आणि शब्द व रंग यांचा मेळ हा स्वतंत्र चल (प्रयोग करणारा मुद्दाम बदलतो तो घटक), तर लागलेला वेळ हा परतंत्र चल (त्यामुळे बदलणारा, मोजला जाणारा घटक), हे मुलीला व्याख्या पाठ न करताच उमगले.

मात्र पुस्तिका प्रत्येकाला आधी सोपे (शब्द व रंग जुळणारे) आणि मग अवघड (न जुळणारे) पत्रक द्यायला सांगते. त्यामुळे वाढलेला वेळ विसंगतीचा की थकव्याचा, हे ठरवताच येत नाही. निम्म्या प्रयुक्तांना (ज्यांच्यावर प्रयोग होतो त्यांना) उलटा क्रम द्यावा, एवढी साधी सूचना हवी होती. प्रयुक्तांच्या संमतीविषयी जेमतेम एक ओळ आहे. स्टॉपवॉच दुसऱ्या दिवशी बंद पडले, पण ते काम मोबाइलवर भागते. शेवटी मुलीने चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला आणि शेजारच्या आठ जणांवर प्रयोग नव्याने केला. फरक तरीही टिकला.