क्वालिटी मोजायचीय: रजिस्टर, रेडीमेड एचएमएस की बाहम्नी?

पन्नासेक बेडचं हॉस्पिटल, एनएबीएच (हॉस्पिटलच्या क्वालिटीचं मानांकन) करायचंय, व्हेंडरांचे डेमोवर डेमो चाललेत आणि प्रत्येकाच्या डॅशबोर्डवर रंगीबेरंगी ग्राफ, अशा फेऱ्यात सापडलेल्या डॉक्टर मंडळींसाठी हे लिहितोय. माझ्या मते निवड तीनातच असते: रजिस्टर आणि एक्सेल, रेडीमेड एचएमएस (हॉस्पिटल चालवायचं तयार सॉफ्टवेअर), नाहीतर बाहम्नीसारखं ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं) सॉफ्टवेअर. मॉड्युल किती आहेत ते सध्या बाजूला राहू द्या, फक्त एवढं विचारा की छेद, म्हणजे ज्याने भागायचं तो खालचा आकडा, कुठून येणार?

म्हणजे असं बघा, कॅथेटरमुळे (लघवीच्या नळीमुळे) होणारं युरिन इन्फेक्शन दर १००० कॅथेटर-दिवसांमागे मोजतात. इन्फेक्शन किती झाली हा अंश, तो कल्चर रिपोर्टांवरून कसाही जमतो. पण महिन्याभरात कोणाला किती दिवस कॅथेटर होतं हे बिलात सापडत नाही, कारण टाकल्याचा चार्ज लागतो, काढल्याचा कोण लावतं?

आणि गंमत म्हणजे या कामाला सगळ्यात स्वस्त पर्याय चांगला चालतो. आयसीयूत रोज ठरलेल्या वेळी इन्चार्ज सिस्टरनी कॅथेटर किती, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) किती, व्हेंटिलेटर किती एवढे तीन आकडे लिहायचे, महिनाअखेर बेरीज केली की छेद तयार. हँड हायजीनचं ऑडिट, पेशंट पडल्याच्या नोंदी हेही कागदावर बिनधास्त चालतं. रजिस्टर मार खातं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे जोडणी होत नाही, मागच्या महिन्यात डिस्चार्ज झालेला पेशंट परत ॲडमिट झालाय का हे शोधायला दोन रजिस्टरं पुढ्यात घेऊन बसावं लागतं. दुसरं, असेसमेंट जवळ आली की पूर्ण महिना एकाच पेनाने, एकाच अक्षरात भरलेला दिसतो, आणि असेसर लोकांना हे लगेच कळतं हो.

रेडीमेड एचएमएस बहुतेक बिलिंग आणि फार्मसीतून वाढलेले असतात, त्यामुळे जिथे पैसा लागतो तिथला डेटा एकदम पक्का. ॲडमिशन, बिल, डिस्चार्ज, बेड ऑक्युपन्सी, सरासरी किती दिवस पेशंट राहिला, डिस्चार्ज सांगितल्यापासून पेशंट घरी जाईपर्यंत किती वेळ गेला, हे सगळं बटणावर. कॅशलेस आणि योजनेच्या फायली जास्त असतील तर याला पर्याय नाहीच. पण निदानाच्या रकान्यावर फार भरवसा ठेवू नका. महात्मा फुले योजनेतला पेशंट असला की बऱ्याच ठिकाणी पॅकेजचं नाव तेच निदान म्हणून पडतं, आणि मग त्यावरून गुंतागुंतीचं प्रमाण काढायला गेलात तर तुम्ही क्लेम मोजताय, आजार नाही.

वेळेचं दुखणं तर त्याहून मोठं. सर्जरीआधीचं अँटिबायोटिक चीर द्यायच्या आधीच्या ६० मिनिटांत गेलं पाहिजे हा साधा इंडिकेटर (क्वालिटीचं माप) घ्या. ओटीतली सिस्टर लिस्ट संपल्यावर सगळ्या केसेस एकदम भरते (तिचा दोष नाही, केस चालू असताना ती काय माऊस धरणार?), आणि सॉफ्टवेअर सेव्ह केल्याची वेळ हीच दिल्याची वेळ धरतं. म्हणजे रिपोर्टमध्ये अँटिबायोटिक टाके घालून झाल्यावर. म्हणून ‘दिलं कधी’ आणि ‘नोंदवलं कधी’ हे दोन वेगळे रकाने हवेतच. वेळा भरल्यावरही नजर टाका, सगळं ९:००, ९:३०, १०:०० असं असेल तर अंदाजपंचे चाललंय. तसंच कंपल्सरी रकान्यात ‘घेतलं नाही’ असा पर्याय नसेल तर अख्ख्या वॉर्डाचं बीपी १२०/८० निघतं!

आता बाहम्नी. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या हॉस्पिटलसाठी थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या लोकांनी हे उभं केलं, आत पेशंटच्या रेकॉर्डला ओपनएमआरएस, लॅबला ओपनएलिस आणि बिलिंग-स्टॉकला ओडू असं तिघांना एकत्र बांधलंय. लायसन्सचे पैसे नाहीत, सर्व्हर हॉस्पिटलातच ठेवला तर नेट गेलं तरी काम चालतं. आरोग्यसेवेच्या क्वालिटीचे अभ्यासक डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये क्वालिटीचे रचना, प्रक्रिया आणि परिणाम असे तीन भाग पाडले, त्यातला परिणाम मोजायला हे मला जास्त आवडतं. वर्षभरात आलेले सगळे डायबेटिक किती, त्यातल्या कितींची एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) झाली, कितींची आटोक्यात आली, हे एका क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) निघतं कारण डेटाबेस तुमच्या हातात. पण क्वेरी लिहिणारा माणूस पाहिजे ना. कन्सेप्ट डिक्शनरी (कुठली गोष्ट कुठल्या नावाने नोंदवायची याची यादी) सुरुवातीला नीट लावली नाही आणि दोन फॉर्मांत शुगर दोन वेगळ्या नावांनी गेली तर नंतर निस्तरताना नाकी नऊ येतात. टीपीएच्या (इन्शुरन्सचे क्लेम हाताळणाऱ्या मधल्या कंपन्यांच्या) तऱ्हा बसवायलाही वेळ जातो, आणि सगळं जाणणारा एकच पोरगा असेल आणि तो पुण्याला नोकरी लागून गेला तर अवघड आहे.

आभाचा (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा) १४ आकडी नंबर तिन्हीकडे घेता येतो, त्यावर निर्णय घेऊ नका. फक्त नंबर काढून देतात की रेकॉर्ड खरंच लिंक होतं, एवढं डेमोत बघून घ्या.

माझं विचाराल तर २०-३० बेड, मुख्यतः डिलिव्हरी आणि सर्जरी असेल तर बिलिंगचं काहीही साधं चालू ठेवा आणि चार-पाच इंडिकेटर वर्षभर रजिस्टरवर चालवा, कुठला रकाना लागतो ते आपोआप कळेल. ट्रस्टचं हॉस्पिटल, बीपी-शुगरची मोठी ओपीडी आणि घरचा टेक्निकल माणूस असेल तर बाहम्नी. बाकी ५० ते १०० बेडवाल्यांनी एचएमएस घ्यावा, पण कॅथेटर-दिवसांचं रजिस्टर बंद करू नये, आणि सही करण्याआधी करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: पूर्ण कच्चा डेटा आपला आपण कधीही काढता येईल, फॉर्ममध्ये रकाना वाढवायचे किती पैसे, आणि एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) थांबवली तर जुना डेटा कशात मिळणार. तिसऱ्यावर सेल्सवाला ‘सर, तो विषय येणारच नाही’ म्हणाला तर पुढचा डेमो बघा.