नोकरी सांभाळून बारा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स: चार महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जुलैमध्ये ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर एनपीटीईएलचा (हा आयआयटी आणि आयआयएससीचा उपक्रम) स्टॅटिस्टिक्सचा बारा आठवड्यांचा कोर्स घेतला. ऑक्टोबरअखेर परीक्षा झाली, आता सर्टिफिकेटही आलं. घर भांडुपला, ऑफिस अंधेरीला. कोर्स घेण्याआधी मी जे रिव्ह्यू वाचले, ते बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांतल्या उत्साहात लिहिलेले होते. म्हणून मी शेवटपर्यंत थांबून लिहितेय.

आधी व्यवहाराचं. शिकायला पैसे लागत नाहीत. सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेची फी, मी १००० रुपये भरले. दर आठवड्याला एक असाइनमेंट असते आणि बारापैकी सर्वोत्तम आठ धरतात. त्यांचे २५ गुण, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५. असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३०, दोन्हीकडे तेवढे मिळवावेच लागतात. एक बाजू दुसरीला तारत नाही.

आता खरी गोष्ट. पहिला महिना मी चुकीच्या पद्धतीने अभ्यास केला. रात्री घरच्या वायफायवर व्हिडिओ उतरवून ठेवायचे आणि सकाळी घाटकोपरपर्यंत लोकलमध्ये, पुढे मेट्रोत उभ्या उभ्या बघायचे. सर फळ्यावर लिहितात ती प्रत्येक ओळ पटायची. आठवड्याचे सगळे व्हिडिओ संपले की अभ्यास झाला असं वाटायचं. चौथ्या आठवड्यात बेझच्या प्रमेयावर (नवी माहिती कळल्यावर एखाद्या गोष्टीची शक्यता किती बदलते, हे सांगणारं सूत्र) असाइनमेंट आली आणि मला १० पैकी ३ मिळाले. तो व्हिडिओ मी दोनदा पाहिलेला होता! कोऱ्या कागदावर मात्र पहिली ओळसुद्धा सुचेना. त्या रात्री मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून पद्धत बदलली. जेवणं आटोपली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर चाळीस मिनिटं बसायचं. मोबाइल बाहेरच्या खोलीत. आधी काहीही न बघता, आठवेल ते वहीत लिहायचं, अडलं तिथे लाल पेनाने खूण करायची आणि मग व्हिडिओचा तेवढाच भाग लावायचा. बेझसाठी मी स्वतःच गणित घातलं: १००० माणसांत १० आजारी. तपासणी १० आजाऱ्यांपैकी ९ पकडते, पण ९९० निरोगींपैकी ९९ जणांनाही चुकून आजारी ठरवते. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या १०८ जणांत खरे आजारी नऊच, बारात एक. हे वहीत स्वतः मांडलं त्या दिवशी सूत्र पाठ करायची गरज संपली.

या पद्धतीला आधारही आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर पुढे होते ते न बघता आठवून लिहिणारे. माझी परीक्षा तर महिन्यांनंतर होती.

लोकल सोडली नाही, तिचं काम बदललं. काल अडलेला एकच प्रश्न डोक्यात घेऊन चढायचं. त्याला सीट लागत नाही आणि नेटवर्कही लागत नाही.

घरच्यांशी पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या. मी ते पाचव्या आठवड्यात केलं. सासूबाई म्हणाल्या, “नऊ ते दहा तुझे. ओटा मी आवरते, लेकीला मी झोपवते.” त्या एका तासाशिवाय हा कोर्स झाला नसता, हे मी त्यांनाही सांगितलंय.

माझ्या कोर्सला असाइनमेंटची मुदत बुधवारी रात्रीपर्यंत असायची. ती रविवारीच भरून टाका. मुदतीपर्यंत उत्तरं बदलून पुन्हा भरता येतात, शेवटची धरली जातात. पावसाळ्यात एका बुधवारी रुळांवर पाणी साचलं आणि मी घरी पोचले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. रविवारी भरलेली उत्तरं होती म्हणून निभावलं. गणपतीत चिपळूणजवळच्या गावी रेंजच नव्हती, तेव्हा एक असाइनमेंट पूर्ण बुडाली. सोडायच्या चार असाइनमेंट अशा दिवसांसाठी राखून ठेवा, आळसात घालवू नका.

व्याख्यानं इंग्रजीत आहेत. मला पहिले काही दिवस जड गेलं, मग ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे व्याख्यानांचा लिखित मजकूर, छापून घेतले आणि समासात मराठीत अर्थ लिहीत गेले. काही कोर्सना भारतीय भाषांतले ट्रान्सक्रिप्टही मिळतात, ते आधी बघून घ्या.

यापूर्वी एका खासगी अ‍ॅपवर बरेच पैसे भरून कोर्स घेतला होता. पैसे भरेपर्यंत रोज फोन, नंतर शंका विचारली तर उत्तर नाही. तो अर्धवटच राहिला. इथेही रोज पाठीशी कुणी उभं राहत नाही, पण बुधवार येतोच आणि परीक्षा खरोखर केंद्रावर बसून द्यावी लागते. मला त्याचाच उपयोग झाला.

निकाल: असाइनमेंटचे २५ पैकी २१, परीक्षेचे ७५ पैकी ४८, एकूण ६९. जानेवारीला रिग्रेशनचा (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधायची पद्धत) कोर्स घेतलाय, आठ आठवड्यांचा. त्यात आठपैकी सहा असाइनमेंट धरतात, म्हणजे सोडायला दोनच.